चिखलावरची दगडी कमान: व्हेनिसचा रिआल्तो पूल ४३० वर्षं उभा कसा?

१५ जून २०२५ च्या रविवारी तळेगावजवळ कुंडमळ्याला इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल माणसांच्या गर्दीखाली कोसळला. चार जणांचे जीव गेले, कितीतरी जखमी झाले. त्याच आठवड्यात आमच्या घरच्या ग्रुपवर एक फोटो फिरत आला. पांढऱ्या दगडाचा देखणा पूल, एकच मोठी कमान, वर दुकानांच्या रांगा, खाली हिरवट पाणी. खाली मजकूर: ‘व्हेनिसचा हा पूल ४३० वर्षं जुना आहे. १२,००० लाकडी खुंटांवर उभा आहे. आपले पूल तीस वर्षांत का पडतात?’

महाडच्या आत्याने मला लगेच फोन केला. ‘तू इंजिनियरिंग शिकलीस ना? मग सांग, लाकडावर दगडाचा पूल उभा राहील का? आणि तोही पाण्यात?’

फोनवर तिला जे सांगितलं ते अपुरं होतं, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे. फोटोखालची माहिती बरीचशी बरोबर आहे. पण अशा पुलाकडे बघताना आपली नजर कमानीवर खिळते आणि पूल खरा ज्याच्यावर उभा असतो ते फोटोत येतच नाही. ते पाण्याखाली, चिखलात असतं. मला सांगायचं आहे ते त्या पायाविषयी. तिथे पोचायला मात्र आधी कमान समजून घ्यावी लागेल.

### कालवा कुठला, पूल कुठला

व्हेनिस हे उथळ खाजणात, शंभराहून जास्त छोट्या बेटांवर वसलेलं इटलीतलं शहर. त्याच्या मधोमध उलट्या ‘एस’ अक्षरासारखा वळत जाणारा मोठा कालवा आहे, जवळपास पावणेचार किलोमीटर लांब. त्याला कालवा म्हणतात खरं, पण तो कोणी सरळ खणून काढलेला नाही. जुन्या नदीच्या प्रवाहाची वाट होती, तिचे काठ माणसांनी बांधून काढले. समुद्राची भरती-ओहोटी तिथपर्यंत पोचते. गोवा किंवा कोकणातल्या खाडीकाठच्या माणसाला हे पाणी परकं वाटणार नाही.

या कालव्याच्या सगळ्यांत अरुंद भागात रिआल्तोचा बाजार. मासळी, भाजी, सोनं, सावकारी, सगळं तिथे. बाजार एका काठावर आणि गिऱ्हाईक दुसऱ्या काठावर, म्हणून पूल इथेच हवा होता. १८५४ साली दुसरा पूल होईपर्यंत या अख्ख्या कालव्यावर चालत ओलांडायला हा एकच पूल होता. बाकी सगळे होडीने.

### आधीचे पूल लाकडी होते, आणि ते पडले

बाराव्या शतकात इथे होड्या शेजारी शेजारी बांधून वर फळ्या टाकलेला तरंगता पूल होता. तेराव्या शतकात त्याच्या जागी लाकडी पूल आला. मध्ये उचलता येणारा भाग ठेवला होता, म्हणजे उंच डोलकाठीच्या जहाजांना वाट मिळे. कार्पाच्चो या चित्रकाराने १४९० च्या दशकात काढलेल्या एका चित्रात हा लाकडी पूल स्पष्ट दिसतो.

१३१० मध्ये बंडखोरांनी पळताना तो जाळला. १४४४ मध्ये फेरारा संस्थानाच्या अधिपतीच्या लग्नाची मिरवणूक बघायला लोक पुलावर दाटले आणि पूल त्यांच्यासकट खाली आला. १५२४ मध्ये पुन्हा कोसळला. कुंडमळ्याची बातमी वाचताना मला १४४४ चीच आठवण झाली होती. माणसं पुलावरून चालत असतात तेव्हा पांगलेली असतात. थांबून बघायला लागली की दाटीवाटीने एकाच जागी, बहुधा एकाच कठड्याकडे गोळा होतात.

दगडी पुलाची चर्चा सोळाव्या शतकाच्या सुरुवातीपासून चालू होती. नामांकित वास्तुकारांनी आराखडे दिले, त्यात पल्लाडियोसारखा मोठा माणूसही होता. पण निर्णय व्हायला १५८८ साल उजाडलं. काम मिळालं अंतोनियो दा पोंते याला. त्याच्या नावातला ‘पोंते’ म्हणजे इटालियनमध्ये पूलच. वय पंचाहत्तरीच्या पुढे. तो मिठाच्या खात्याचा मुख्य बांधकाम अधिकारी होता. व्हेनिसमध्ये मिठाच्या उत्पन्नातून सार्वजनिक बांधकामं व्हायची, त्यामुळे या खात्याचा माणूस म्हणजे आपल्याकडच्या सार्वजनिक बांधकाम विभागाचा मुख्य अभियंताच म्हणा. पल्लाडियोइतकं नाव त्याला नव्हतं. पण व्हेनिसचा चिखल त्याने आयुष्यभर हाताळला होता, आणि पुढे तेच कामी आलं.

### दगडाला दाबलेलं चालतं, ताणलेलं चालत नाही

कमानीचं सगळं गणित या एका गोष्टीत आहे. दगडावर कितीही वजन ठेवा, तो सहन करतो. तोच दगड दोन बाजूंनी ओढला, तर पटकन तडकतो.

दोन विटांवर एक लांब फळी ठेवा आणि मधोमध उभे राहा. फळी वाकते. वरची बाजू दाबली जाते, खालची ताणली जाते. लाकूड हा ताण सोसतं. फळीच्या जागी दगडाची लांब शिळा असेल, तर ती खालून तडकून दोन तुकडे होते. आपली हेमाडपंती देवळं आठवा. सभामंडपात खांब किती जवळजवळ असतात! दोन खांबांवर आडवी शिळा ठेवायची, तर ती आखूड ठेवण्यावाचून इलाज नव्हता.

कमानीत ही अडचणच येत नाही. दोन मुलांना समोरासमोर उभं करा, तळहाताला तळहात लावायला सांगा आणि पाय थोडे मागे घेऊन एकमेकांवर रेलायला सांगा. दोघांत मिळून एक कमान तयार होते. कोणी कोणाला ओढत नाही, दोघं एकमेकांना रेटतात. फुगडीच्या अगदी उलट. फुगडीत हात सुटले की दोघी मागे पडतात, कारण तिथे सगळा ताण असतो. कमानीत तसं नसतं. पाचरीच्या आकाराचे दगड एकमेकांना दाबत असतात, आणि वजन जितकं वाढेल तितके आणखी घट्ट बसतात.

कमान पुरी होईपर्यंत मात्र ती स्वतःच्या बळावर उभी राहू शकत नाही. घराचा स्लॅब टाकताना खाली सेंट्रिंग लावतात, तसा लाकडी सांगाडा कमानीखाली उभा करावा लागतो. दोन्ही बाजूंनी दगड चढत जातात, शेवटी मधल्या फटीत बरोबर मापाचा दगड ठोकून बसवला की सांगाडा काढता येतो. हा शेवटचा दगड म्हणजे कळीचा दगड. त्यावरून सगळं श्रेय त्यालाच दिलं जातं, पण कमान जुळल्यावर त्याचं काम शेजारच्या दगडापेक्षा वेगळं राहत नाही. कुठलाही एक काढला तरी कमान जाते.

दगडांच्या मधला चुना डिंकासारखा दगड चिकटवून ठेवतो, असा समज असतो. कमानीत तो मुख्यतः गादीचं काम करतो. दोन दगडांचे पृष्ठभाग अगदी तंतोतंत जुळत नाहीत, त्यांच्यातला उंचसखलपणा चुना भरून काढतो आणि दाब सारखा पसरवतो.

### रेटा: कमानीची खरी किंमत

पुन्हा त्या दोन मुलांकडे बघा. हात भक्कम आहेत, पण फरशी ओली असेल तर? पाय मागे सरकतील आणि दोघं तोंडावर पडतील. कमानीचे पाय खाली तर दाबतातच, शिवाय बाहेरच्या बाजूला ढकलतात. या बाहेर ढकलणाऱ्या जोराला मी पुढे ‘रेटा’ म्हणणार आहे.

भिंतीला लावलेली शिडी हे त्याचं रोजचं उदाहरण. शिडी उभी लावली तर तिचा पाय फारसा घसरत नाही. तिरकी लावली की घसरायला बघतो, आणि जितकी आडवी तितकी भीती जास्त. कमानीचं तसंच आहे. उंच, अर्धवर्तुळाकार कमान कमी रेटते. चपटी कमान जास्त रेटते.

रिआल्तोच्या कमानीची रुंदी, म्हणजे एका पायापासून दुसऱ्या पायापर्यंतचं अंतर, जवळपास २८.८ मीटर आहे. पूर्ण अर्धवर्तुळ करायचं तर कमानीचा माथा पायापासून १४ मीटरांहून उंच न्यावा लागला असता, म्हणजे चार मजली इमारतीइतका. बाजारात भाजीची टोपली घेऊन जाणाऱ्या बाईने रोज तेवढं चढायचं आणि तेवढंच उतरायचं? पूल फार बसका केला, तर खालून गलबतं जाणार नाहीत. दा पोंतेने यातून मध्यम मार्ग काढला. कमान अर्धवर्तुळाचा फक्त वरचा तुकडा ठेवली आणि पायापासून माथ्यापर्यंतची उंची साडेसहा मीटरांच्या आसपास. पाण्यापासून माथा सात मीटरांहून थोडा वर येतो, आणि वरून जायला बेताच्या पायऱ्या पुरतात.

चढ कमी झाला, त्याची भरपाई पायाला करावी लागली. वजन कमानीवर सारखं पसरलं आहे असं धरून ढोबळ हिशेब करता येतो: रुंदीला उंचीच्या चौपटीने भागायचं. अर्धवर्तुळासाठी उत्तर अर्धं येतं. म्हणजे पायावर सरळ खाली १०० टन उतरत असतील तर बाजूला ५० टन रेटा. रिआल्तोसाठी उंची ६.४ मीटर धरली तर २८.८ भागिले २५.६, म्हणजे १.१ च्या आसपास. १०० टन खाली, तर ११० टन बाजूला! जितकं वजन जमिनीत उतरतं, त्याहून थोडं जास्तच काठाला आडवं ढकलतं. दोन्ही मिळून जोर जवळपास पंचेचाळीस अंशांत तिरका जातो.

काठाला कातळ असता तर चिंता नव्हती. इथे काठाला चिखल होता.

### एक कमान की तीन?

त्या वेळच्या अनेक जाणकारांना एकाच कमानीची कल्पना धाडसाची वाटत होती, ती याच कारणाने. व्हिन्चेन्झो स्कामोझ्झी या नावाजलेल्या वास्तुकाराने तीन कमानींचा आराखडा मांडला. दा पोंतेचा पूल टिकणार नाही, असंही तो म्हणत होता असं सांगतात.

त्याचं म्हणणं चुकीचं नव्हतं, आणि ते समजून घेण्यासारखं आहे. शेजारी शेजारी कमानी असल्या की एकीचा रेटा दुसरीच्या रेट्याला अडवतो. मधल्या खांबांवर मुख्यतः सरळ वजनच येतं. शिवाय कमानी लहान, म्हणून दोन्ही टोकांना येणारा रेटाही कमी. मुंबई-पुण्याच्या बाजूला जुन्या दगडी पुलांना एकापुढे एक कमानींची रांग दिसते, तिच्यामागे हेही कारण असतं.

पण तीन कमानी म्हणजे कालव्याच्या पात्रात दोन खांब. शहराचा सगळा व्यापार या वाटेने. होड्यांची ये-जा अडली असती, भरती-ओहोटीचं पाणी खांबांपाशी जोरात वाहिलं असतं, तिथला चिखल उकरला गेला असता. आणि खांबांचा पाया भर पात्रात, सगळ्यांत खोल पाण्यात घालावा लागला असता. एका कमानीने पात्र मोकळं राहिलं. सगळी अडचण दोन काठांवर आली. माझ्या मते दा पोंतेने अडचण अशा जागी आणून ठेवली, जिथे ती माणसाला हाताळता येते.

### चिखलात पाया कसा घालायचा

व्हेनिसखाली मऊ गाळ आहे, आणि खाली कुठे कुठे घट्ट चिकणमातीचा थर. कातळ हाताला लागेल इतका जवळ नाही. म्हणून तिथे शतकानुशतकं एकच पद्धत: जमिनीत लाकडी खुंट ठोकायचे, एकाला एक लागून, शेकड्यांनी. माणसं लाकडाचा जड ठोकळा धरून एका तालात, गाणं म्हणत खुंट ठोकायची. आपल्याकडे जड दगड हलवताना ‘हैश्शा’ म्हणतात तेच.

इतके आखूड खुंट कातळापर्यंत पोचत नाहीत, मग उपयोग काय? ऑफिसच्या वेळची लोकल आठवा. डब्यात दहाच माणसं उभी असतील, तर ब्रेक लागला की सगळी कोलमडतात. तीच माणसं खच्चून भरली, तर पडायलाही जागा नसते. चिखलात शेजारी शेजारी खुंट ठोकले की मधला चिखल आवळला जातो, पाणी बाहेर ढकललं जातं, आणि खुंट व माती मिळून एक घट्ट ठोकळा बनतो. पूल उभा असतो तो या ठोकळ्यावर. खुंटांना जितकं श्रेय, तितकंच त्यांच्यामधल्या आवळलेल्या मातीला.

रिआल्तोला प्रत्येक काठावर जवळपास ६,००० खुंट ठोकले, एल्म नावाच्या झाडाचे. फोटोखालचा १२,००० चा आकडा म्हणजे दोन्ही काठ मिळून.

दा पोंतेचं खरं कसब यापुढचं आहे. कमानीचा जोर तिरका येतो हे आपण बघितलं. सपाट पायावर तिरका जोर आला, तर पाया घसरू शकतो, ओल्या फरशीवरच्या शिडीसारखा. म्हणून त्याने पाया सपाट ठेवलाच नाही. खुंटांची डोकी तीन पायऱ्यांत कापली: पाण्याच्या बाजूची पायरी सगळ्यांत खोल, काठाकडे जावं तशी वर. त्यावर लाकडाची जाळी, आणि जाळीवर विटा-दगडांचे थर उतरते रचले, असे की येणारा तिरका जोर प्रत्येक थरावर काटकोनात पडावा. शिडीचा पाय ज्या कोनात टेकतो, जमीनच त्या कोनात कापून द्यावी, तसं. मग घसरायला वाव कुठे राहतो?

पायऱ्यांमागे आणखी एक कारण होतं, आणि ते मला फार मानवी वाटतं. पुलाच्या एका टोकाला जर्मन व्यापाऱ्यांची मोठी वखार उभी होती, दुसऱ्या टोकाला सरकारी खजिनदारांचा वाडा. पूर्ण रुंदीत खोल खणलं असतं, तर त्यांच्या भिंतींखालची माती सुटली असती. पायरी पायरीने वर जात त्याने शेजाऱ्यांची घरं सांभाळली.

हे सगळं सुरळीत पार पडलं नाही. काम चालू असतानाच तक्रारी झाल्या की खुंट नीट ठोकलेले नाहीत, पाया कच्चा आहे. सरकारने चौकशी बसवली, जाणकारांच्या आणि कारागिरांच्या साक्षी घेतल्या, पाया तपासला. काम पुढे चालू ठेवायचं ठरलं आणि १५९१ मध्ये पूल पुरा झाला. काम चालू असतानाच, पूल पुरा होण्याआधी प्रश्न विचारले गेले, हे मला महत्त्वाचं वाटतं. पूल पुरा झाल्यावर पाया कोणाला दिसणार?

### ‘अगं, पण लाकूड कुजेल ना?’

आत्याचा हा पहिला प्रश्न, आणि बहुतेकांचा तोच असतो. याचं उत्तर तिच्याच स्वयंपाकघरात आहे.

कैरीच्या लोणच्यावर आपण तेलाचा थर का ठेवतो? तेलाखालची फोड वर्षभर टिकते. एखादी तेलाच्या वर आली की तिच्यावर बुरशी धरते. बुरशीला हवा लागते. लाकूड कुजवणारी बुरशीही तशीच. पाणी आणि हवा दोन्ही मिळाली की ती माजते. नुसतं पाणी असून चालत नाही. चिखलात खोल गाडलेल्या, कायम पाण्याखाली असलेल्या खुंटांपाशी प्राणवायू जवळजवळ पोचतच नाही. कोरडं लाकूड टिकतं, पूर्ण बुडालेलं लाकूड टिकतं. भिजतं-सुकतं ते लाकूड जातं. अंगणातला कुंपणाचा खांब नेहमी जमिनीलगतच का कुजतो, हे यावरून कळेल.

व्हेनिसच्या सेंट मार्क चौकातला उंच घंटाघर-मनोरा १९०२ मध्ये कोसळला. तेव्हा त्याच्या पायाचे शेकडो वर्षांचे खुंट चांगल्या अवस्थेत सापडले आणि नव्या मनोऱ्याच्या पायात ते तसेच ठेवले गेले.

‘लाकडाचा दगड होतो’ असंही अनेक जण सांगतात. तसं होत नाही. इटलीतल्या संशोधकांनी व्हेनिसचे जुने खुंट तपासले, तेव्हा लाकूड आतून हळूहळू झिजत असल्याचं दिसलं. हवेशिवाय जगणारे काही जिवाणू हे काम फार मंद गतीने करतात. लाकडातली पोकळी पाण्याने भरते, म्हणून खुंटाचा आकार टिकून राहतो, आणि आवळलेली माती त्याला बाजूंनी धरून ठेवते. म्हणजे फोटोखालच्या मजकुरावरून वाटतं तसं हे लाकूड अमर नाही. पाणी, माती आणि लाकूड एकत्र आहेत तोवर ते काम करतं.

लाकडाच्या वर पाण्याच्या पातळीला लागतो तो दगडही निवडून घेतलेला आहे. समोरच्या इस्त्रिया किनाऱ्यावरचा हा चुनखडीचा दगड इतका घट्ट असतो की खारं पाणी त्यात फारसं शिरत नाही. साधी वीट खारं पाणी शोषते, मीठ आत सुकतं, फुगतं आणि विटेचे पोपडे निघतात. कोकणातल्या खाडीकाठच्या जुन्या भिंती हे रोज दाखवतात.

### दुकानांचं ओझं आणि माणसांची गर्दी

पुलावर दुकानांच्या दोन रांगा आहेत, मध्ये रुंद वाट आणि दोन्ही कठड्यांलगत एकेक वाट. एवढं ओझं कशाला, असं वाटेल. पैशाचा भाग तर होताच, दुकानांच्या भाड्यातून सरकारला उत्पन्न मिळे. पण कमानीला सारखं पसरलेलं, न हलणारं ओझं आवडतं. त्यामुळे दगड घट्ट दाबलेले राहतात आणि वरून जाणाऱ्या माणसांनी त्यांच्यात फारसा फरक पडत नाही.

किती कमी फरक पडतो, ते बघू. एका चौरस मीटरमध्ये पाच माणसं म्हणजे चांगलीच दाटी. प्रत्येकी ६५ किलो धरलं तर ३२५ किलो. चुनखडीच्या एका घनमीटर दगडाचं वजन साधारण अडीच टन. म्हणजे पूल माणसांनी गच्च भरला, तरी त्याच्यावर १३ सेंटिमीटर जाडीचा दगडाचा आणखी एक थर टाकल्यासारखं होतं, वीतभरही नाही. जिथे मुळात कित्येक फूट जाड दगड आहे, तिथे वीतभराने काय होणार?

लाकडी किंवा लोखंडी पादचारी पूल स्वतः हलका असतो. तिथे ही गर्दी पुलाच्या वजनाच्या तोडीस तोड असू शकते. अशा पुलावर किती माणसं थांबू शकतात, हे आधी ठरवून तेवढीच सोडावी लागतात, आणि गंज किती खोल गेलाय हे वरचेवर बघावं लागतं. १४४४ चा लाकडी रिआल्तो आणि आजचा दगडी रिआल्तो यांच्यातला मोठा फरक हा असा वजनाचा आहे.

### ‘मग आमचा सावित्रीवरचा पूल का गेला? तोही दगडीच होता की’

आत्याने हे विचारलं तेव्हा तिचा आवाज बदलला होता. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ मुंबई-गोवा महामार्गावरचा ब्रिटिश काळातला दगडी कमानींचा पूल सावित्रीच्या पुरात गेला. दोन एसटी बस आणि आणखी वाहनं त्यासोबत गेली. महाडच्या माणसाला ही रात्र विसरता येत नाही.

त्या एका दुर्घटनेचा निवाडा मी करणार नाही. पण दगडी पुलाला पूर काय करतो, हे सांगता येईल. समुद्रावर अनवाणी उभे राहा. लाट परत जाते तेव्हा टाचेखालची वाळू सरकते आणि आपण मागे झुकतो. पाय भक्कमच असतात, त्यांच्याखालची जमीन गेलेली असते. पुरात नदीचं पाणी पुलाच्या खांबाला आपटून भोवऱ्यासारखं खाली वळतं आणि खांबाच्या बुडाची माती, दगडगोटे खरवडून नेतं. वरून पूल जसाच्या तसा दिसतो. रस्त्यावर खड्डाही नसतो.

कमानीत थोडीफार तडजोडीची ताकद असते. पाय थोडा सरकला तर कमान थोडी बसते, एखाद-दोन ठिकाणी चीर पडते, आणि वजन नव्या वाटेने खाली उतरू लागतं. जुन्या पुलांवरच्या बारीक चिरा बहुधा अशाच असतात, त्या बघून घाबरून जायचं कारण नाही. पण खांबाखालची जमीनच गेली, तर दोन्ही बाजूंच्या कमानींचा रेटा अडवणारा राहत नाही. मग एका कमानीपाठोपाठ दुसरी जाते, आणि फार वेळ लागत नाही.

रिआल्तो आणि सावित्री यांची तुलना म्हणूनच सरळ होत नाही. व्हेनिसच्या कालव्यात भरती-ओहोटीचं पाणी येतं-जातं, सह्याद्रीवरून एका रात्रीत उतरणारा लोंढा येत नाही. आणि रिआल्तोचा एकही खांब पात्रात नाही. कोकणातल्या नदीवर दगडी पूल उभा करणाऱ्यापुढचं काम दा पोंतेपेक्षा अवघड होतं, असं मला वाटतं.

म्हणून फोटोखालच्या त्या प्रश्नाला, ‘आपले पूल का पडतात’, एका वाक्यात उत्तर नाही. पण तपासणी कुठे व्हायला हवी, हे सांगता येतं. पाणी उतरल्यावर खांबाच्या बुडाशी जाऊन, गरज पडली तर पाणबुड्या उतरवून माती किती खाली गेली ते मोजायला हवं. डांबर आणि कठड्याचा रंग बघून पुलाची तब्येत कळत नाही.

### ‘इतका टिकतो, तर आजही असेच पूल का बांधत नाहीत?’

फार खर्चिक आणि फार संथ, हे पहिलं कारण. प्रत्येक दगड पाचरीच्या मापात घडवायचा, खाली आख्खा लाकडी सांगाडा उभारायचा. दुसरं म्हणजे रुंदी. दगडी कमान एका मर्यादेपुढे रुंद करणं अवघड होत जातं, आणि आजचे महामार्ग त्याहून कितीतरी मोठ्या झेपा मागतात. काँक्रीटमध्ये लोखंडी सळया घातल्या की ताण सळया सोसतात आणि दाब काँक्रीट, त्यामुळे कमानीची गरजच उरत नाही. मात्र सळईपर्यंत पाणी आणि खारी हवा पोचली की ती गंजून फुगते आणि काँक्रीट फोडते. दगडी कमानीला हे दुखणं नाही.

व्हेनिसने याच मोठ्या कालव्यावर रिआल्तोनंतर तीन पूल बांधले. त्यांतला रेल्वे स्थानकासमोरचा १९३४ चा पूल पुन्हा इस्त्रियाच्या दगडाचा, एकाच कमानीचा आहे. सर्वांत नवा २००८ चा, सांतियागो कालात्रावा याने आखलेला, पोलाद आणि काचेचा. त्याची कमान रिआल्तोपेक्षा कितीतरी चपटी आहे, आणि चपटी कमान म्हणजे जास्त रेटा, हे आता तुम्हाला माहीत आहे. काठांची जमीन तीच, मऊ. म्हणून या पोलादी पुलाचे पाय किती सरकतात, यावर सतत लक्ष ठेवावं लागतं. काचेच्या पायऱ्यांवरून इतकी माणसं घसरली की काचेच्या जागी दगड बसवायचं महापालिकेने ठरवलं.

आत्याला हे शेवटचं सांगितलं तेव्हा ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, ‘पाणी ओसरलं की पुलाखाली जाऊन बघते. गांधारी नदीवरचा तो जुना पूल आहे ना आमचा, त्याच्या खांबाशी मातीची खूण दिसते का ते.’